पत्ता तोच, पेढी दुसरी

रेडिफ डॉट कॉम गांधीनगरवाल्यांनी विकत घेतली, ही बातमी 2024 च्या ऑगस्टमधली. सुरतेजवळच्या आमच्या चलथाणच्या भिंतीवर ती पोचायला मात्र बरेच महिने लागले. या भिंतीचा क्रम ठरलेला आहे. आधी उसाचा भाव, मग मिलच्या पाळ्या, मग कोणाची सोयरीक जमली नि कोणाची मोडली, मग भुसावळ गाडीची गर्दी. कंपन्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, तोही कोणाचे पैसे अडकले असतील तरच.

भिंत म्हणजे दोन रो-हाऊसच्या मधली, कमरेएवढी. पलीकडे नाना. मूळचे अमळनेरकडचे, साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलण्यात उमर गेली. त्यांची सून म्हणजे आमच्या वहिनी. त्या ओट्यावर बसून साड्यांचं धागा कटिंग करतात आणि हल्ली मोबाइलवरून स्वतः साड्या विकतातही. अलीकडे मी, रिंग रोडच्या कापड मार्केटात दुसऱ्यांच्या वह्या लिहून म्हातारा होत चाललेला. एवढ्या भांडवलावर आम्ही जगातल्या कुठल्याही कंपनीचा निकाल लावतो.

"रेडिफ बुडनी म्हने," नाना म्हणाले.

"बुडाली नाही नाना. विकली गेली."

"इकनी म्हंजे बुडनीच ना भो. चालतं दुकान कोन इकस?"

मार्केटात दिवस काढलेल्या माणसाला हे ऐकून घेणं जड जातं. आमच्याकडे बुडणं म्हणजे काय ते सगळ्यांना पाठ आहे. पार्टी उठते. सकाळी दुकानाला कुलूप, शेठचा फोन बंद, विव्हर दारात, दलाल घाम पुसतोय, आणि दुपारपर्यंत आकडा दुप्पट होऊन सगळ्या मार्केटभर. रेडिफचं असं उठमणं कधीच झालं नाही. कोणी रात्रीतून पळालं नाही. बातम्या रोज येत राहिल्या, मेल चालत राहिला. ती कंपनी अठ्ठावीस वर्षं दुकान उघडून बसली होती. गिऱ्हाईक तेवढं एकेक करून समोरच्या दुकानात गेलं.

"पण होती कोणाची?" वहिनींनी दाताने धागा तोडत विचारलं. "मी तर कंपनीच्या फॉर्मवरच नाव बघितलंय. ॲट द रेट रेडिफमेल."

मुंबईची होती. माहीमची. एल. जे. रोडच्या बाजूला महालक्ष्मी इंजिनिअरिंग इस्टेट म्हणून औद्योगिक गाळे आहेत, तिथं तिचं बिऱ्हाड. ज्या मुंबईत गिरण्यांची धुराडी थंड पडत होती, त्याच मुंबईतल्या इंजिनिअरिंगच्या गाळ्यांत बसून ही माणसं इंटरनेट चालवत होती. मालक अजित बालकृष्णन, केरळातल्या कण्णूरचे, कलकत्त्याच्या आयआयएममध्ये शिकलेले. त्यांनी 1973 मध्ये अरुण नंदा आणि मोहम्मद खान यांच्याबरोबर रेडिफ्यूजन नावाची जाहिरात संस्था काढली होती. तिच्याच नावाचा पुढचा तुकडा घेऊन 1996 मध्ये 'रेडिफ ऑन द नेट' सुरू झालं. मालक मूळचा जाहिरातवाला, एवढं ध्यानात ठेवा. पुढचं बरंचसं त्यातून कळतं.

"शहाण्णवला नेट होतं तरी कोनाकडे?" नानांना शंका.

शंका रास्त. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते 15 ऑगस्ट 1995 ला, तेही आधी मोजक्या महानगरांत. वर्गणी हजारांत. फोन लावायचा, मोडेमची ती किरकिर ऐकायची, लागला तर लागला. चलथाणला तेव्हा एसटीडी-पीसीओच्या काचेच्या खोलीबाहेर रांग असायची आणि गावाकडचा निरोप रात्री दर कमी झाल्यावर घ्यायचा. कॉम्प्युटर पाहायचा तर सुरतेला जायचं. खासगी कंपन्यांना इंटरनेट विकायची परवानगी मिळाली 1998 मध्ये, आणि त्यानंतर कुठे गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले.

"मंग वाचे कोन?"

वाचणारे सगळे बाहेर होते. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात, दुबईत. घरच्या बातम्यांसाठी भुकेली माणसं. नानांचा भाचा त्या काळात अमेरिकेला गेलेला. तिथं टीव्हीवर क्रिकेट दिसायचं नाही आणि वर्तमानपत्र यायचं ते शिळं. तो ऑफिसात बसून रेडिफवर प्रेम पणिक्कर यांची सामन्यांची वर्णनं वाचायचा आणि रविवारी फोनवर नानांनाच सांगायचा की सचिनने कुठे चूक केली. नानांनी तो सामना सुरतेच्या दुकानाबाहेर उभं राहून पाहिलेला असायचा, पण ऐकून घ्यायचे. आयएसडी कॉल त्याच्या पैशाचा.

"ते व्हय! आमना भाचा कंपनीना मानूस नव्हता तर. आम्हले वाटे तठे नोकरी करस," नाना म्हणाले.

वहिनींना क्रिकेटशी घेणंदेणं नाही. त्यांनी थेट गल्ल्यात हात घातला. "बातमी फुकट, टपाल फुकट, चॅटिंग फुकट. मग भाऊजी, पैसे द्यायचं कोण?"

जाहिरातदार. सगळा डोलारा त्यांच्यावर. पण जाहिरातदार मुंबईत, त्याचा माल मुंबई-दिल्लीत विकायचा, आणि वाचणारा बसलेला न्यू जर्सीत. देशात वाचणारे वाढतील, आज नाही तर उद्या वाढतील, या भरवशावर दुकान उघडं ठेवायचं होतं. नानांनी याला काट्यावरची भाषा लावली: ऊस बारा महिन्यांचा तयार उभा आहे, पण तोड येत नाही. तोड लांबली की ऊस शेतात वाळतो, आणि काट्यावर आला की वजन भरत नाही. शेतकऱ्याने लागवडीत काही कमी केलेलं नसतं.

नानांची ही उपमा मला पटते. रेडिफला काय सुचलं नाही, हे शोधायला गेलं तर हात रिकामे येतात. बातम्या सुचल्या, फुकट ईमेल सुचला, शोधयंत्र सुचलं, ऑनलाइन पुस्तकं नि वस्तू विकणं सुचलं, लिलाव सुचला, लग्नं जमवणं सुचलं, 'बोल' नावाचं गप्पांचं साधन सुचलं, लोकांना स्वतःचं लिहायला 'आयलँड' दिलं, ओळखीपाळखी वाढवायला 'कनेक्शन्स' काढलं. आज ज्या एकेका कामावर एकेक अवाढव्य कंपनी उभी आहे, ती सगळी कामं माहीमच्या त्या गाळ्यांत कधी ना कधी होऊन गेली.

पण त्याआधी 499 कोटींचा किस्सा. तो सांगितल्याशिवाय त्या काळाची नशा समजत नाही.

मुंबईतच राजेश जैन नावाच्या तरुणाने 1995 मध्ये इंडियावर्ल्ड सुरू केलं होतं. नावं कशी छान देशी: खेल, खोज, समाचार, बावर्ची. घरच्या आठवणीने व्याकूळ परदेशस्थ हेच त्यांचंही गिऱ्हाईक. कंपनी छोटी, वर्षाची उलाढाल दोन कोटींच्याही आतली. सत्यम इन्फोवे ऑक्टोबर 1999 मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात गेली, तिथं जाणारी पहिली भारतीय इंटरनेट कंपनी, आणि पुढच्याच महिन्यात तिने हे इंडियावर्ल्ड विकत घ्यायचा सौदा जाहीर केला. किंमत 499 कोटी रुपये.

वहिनींच्या हातातली कात्री थांबली. "चारशे नव्व्याण्णव? ही तर माझ्या साडीची किंमत."

"साडीची रुपयांत, याची कोटींत."

"पण नव्व्याण्णव कशाला? पाचशे म्हणाले असते तर गिऱ्हाईक पळालं असतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या दिवसांत मात्र मार्केटातल्या प्रत्येक शेठला आपल्या पोराचं इंजिनिअरिंग व्यर्थ गेल्यासारखं वाटायला लागलं होतं. वर्षाला दोन कोटींचा धंदा नाही आणि पाचशे कोटींना विकला जातो, म्हणजे तिप्पट-चौपट नफ्याला आपण उगाच मोठा नफा समजत होतो. ज्याच्या-त्याच्या तोंडी डॉट कॉम. ग्रे कापडाचे दलाल डोमेन नेमचे भाव विचारायला लागले.

आणि नाव चोरणारेही निघाले. रेडिफच्या नावातलं एक अक्षर बदलून, 'ई'च्या जागी 'ए' टाकून, कोणीतरी 'रॅडिफ' डॉट कॉम नोंदवलं. घाईत टाइप करणारा चुकून आपल्याकडे आला तर आला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि 1999 मध्ये न्यायालयाने रेडिफच्या बाजूने मनाई हुकूम दिला. इंटरनेटवरचं नाव ही धंद्याची मिळकत आहे, नुसता पत्ता नाही, हे आपल्या देशात ठरवणाऱ्या सुरुवातीच्या खटल्यांत त्याची गणना होते. सुरतेत नामवंत ब्रँडच्या साडीसारखी साडी, तिच्या नावासारखं नाव, ही काही नवलाई नाही. तरी नानांना मजा वाटली. "एक अक्षर बदली कोर्टमा गयात? आठे तर अख्खा डब्बा बदली टाकतस."

आता खरा खेळ. नॅस्डॅकचा निर्देशांक 10 मार्च 2000 ला 5048 वर जाऊन पोचला आणि तिथून गडगडायला लागला. रेडिफ तिथं उतरली जून 2000 मध्ये. म्हणजे वरात निघून गेल्यावर तीन महिन्यांनी. भाव 12 डॉलर, आणि जमले साधारण साडेपाच-सहा कोटी डॉलर. अनेकांना हे रेडिफचं दुर्दैव वाटतं. माझा हिशेब उलटा आहे. आणखी तीन महिने थांबली असती तर एक डॉलरही जमला नसता. दार बंद होता होता ती आत शिरली. तिच्या बरोबरीच्या कितीतरी डॉट कॉम पुढच्या दोन वर्षांत खपल्या आणि आज त्यांची नावंही कोणाला आठवत नाहीत. त्या पैशावर रेडिफने ते दुष्काळाचं साल काढलं.

त्यातले थोडे पैसे कशात घातले, ते ऐकून मात्र वहिनींनी कपाळाला हात लावला. 2001 मध्ये रेडिफने अमेरिकेतलं 'इंडिया अब्रॉड' हे साप्ताहिक विकत घेतलं. छापील. कागदाचं. गोपाळ राजू यांनी 1970 मध्ये न्यूयॉर्कला काढलेलं, तिकडच्या भारतीयांत मान असलेलं. दहा वर्षांनी, 2011 मध्ये, ते विकूनही टाकलं. इंटरनेट कागदाला खाणार, असं जगाला सांगत फिरणाऱ्या कंपनीने कागद विकत घ्यावा! त्यामागे हिशेब होता, अमेरिकेतला वाचक आणि अमेरिकेतला जाहिरातदार दोन्ही हातात येतील असा. हिशेब चुकीचा नव्हता, पण तो 1970 सालच्या अमेरिकेचा होता.

"बरं, मेलचं काय झालं ते सांगा," वहिनी म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचा अजून तोच आहे."

मेलमध्ये ते गाफील राहिले असं कोणी म्हणू नये. एके काळी फुकटच्या मेलला जागा मिळायची ती इवलीशी, हॉटमेलवर दोन मेगाबाइट. चार फोटो आले की डबा भरला. हॉटमेल काढणारा सबीर भाटिया आपल्याच मातीतला, 1996 मध्ये काढलं आणि 1997 च्या शेवटी मायक्रोसॉफ्टला जवळपास 40 कोटी डॉलरला विकलं. त्या गोष्टीने इथली अर्धी पिढी कॉम्प्युटर क्लासला लागली. मग 1 एप्रिल 2004 ला गूगलने एक गिगाबाइटचा जीमेल जाहीर केला. तारीख अशी की लोकांना थट्टा वाटली. शिवाय तो मिळायचा निमंत्रणाने, ओळख असेल तर. रेडिफने त्याच वर्षी एक गिगाबाइट देऊ केलं, निमंत्रण-बिमंत्रण काही नाही, या आणि घ्या. याहून चपळ आणि काय असतं?

"मग माणसं गेली कशाला?"

फोनमुळे गेली. हे मी पुन्हा पुन्हा सांगत असतो आणि लोक पुन्हा पुन्हा म्हणतात की जीमेल दिसायला चांगला होता. दिसायला चांगला होताच. पण अँड्रॉइडचा स्वस्त फोन हातात आला, चालू केला, की त्याचा पहिला प्रश्न काय? गूगलचा आयडी टाका. नसेल तर बनवा. त्याशिवाय ॲपचं दुकान उघडत नाही. चलथाणच्या बाजारातला मोबाइलवाला पोरगा गिऱ्हाइकाला न विचारताच जीमेल बनवून देतो आणि पासवर्ड डब्यावर लिहून देतो. माणसाने मेल निवडलाच नाही. तो त्याच्या फोनबरोबर घरात आला. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा फुकट झाला, कोट्यवधी नवी माणसं एका झटक्यात इंटरनेटवर उतरली. ज्यांची वाट रेडिफने वीस वर्षं पाहिली होती ती हीच. ती आली आणि सगळी जीमेल घेऊन आली.

वहिनी जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मागून उधन्याकडे जाणारी मालगाडी गेली, तिचे डबे मोजून झाल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, जाहिरात कोणाकोणाची असायची त्यांच्याकडे? माझ्यासारखीची घ्यायचे का?"

हा प्रश्न मला मार्केटातल्या एकाही शेठने विचारलेला नाही.

घेत नव्हते, असं नाही म्हणता येणार. पण ते दुकान वहिनींसाठी नव्हतं. मुखपृष्ठावर वरती पट्टी, बाजूला चौकोन, आणि तो घेणार बँक, मोटार कंपनी, विमा कंपनी. वर्तमानपत्रात पान विकतात त्याच पद्धतीने, एजन्सीमार्फत, मोठ्या शेठला. जाहिरात संस्थेतून आलेल्या माणसांना हाच धंदा येत होता, आणि तो त्यांना उत्तम येत होता. रेडिफ नॅस्डॅकवर गेली त्याच 2000 सालात, ऑक्टोबरमध्ये, गूगलने ॲडवर्ड्स सुरू केलं. 2002 पासून तर शब्दावर बोली लावा, कोणी दाबलं तरच पैसे द्या, असा कारभार. दलाल नाही, एजन्सी नाही, कमीत कमी रक्कम नाममात्र. सुरतेच्या साडीवाल्यालाही ती परवडायची. शंभर शेठ सोडून लाख किराणा दुकानदार गाठायचे, ही त्यातली हुशारी. पुढे फेसबुकने तेच केलं.

"मी दोनशे रुपये टाकते," वहिनी म्हणाल्या. "दोनशेत नवापूर, नंदुरबार, धुळ्याच्या बायकांना साडी दिसते. दोन विकल्या तरी निघाले पैसे."

"तेच. तुमचे दोनशे रुपये रेडिफला घेता आले नाहीत."

माझ्या मते सगळी कथा या दोनशे रुपयांत आहे. बाकी लोक भांडवलाचं सांगतात, तेही खरं आहे. फ्लिपकार्ट 2007 मध्ये बंगळुरात पुस्तकं विकायला लागली, तेव्हा रेडिफ ऑनलाइन पुस्तकं विकून जुनी झाली होती. पण 2014 मध्ये फ्लिपकार्टने एका दमात 100 कोटी डॉलर उभे केले. रेडिफने नॅस्डॅकवर जमवले त्याच्या सतरा-अठरा पट! तोटा खाऊन माल विकायच्या शर्यतीत तिथं कोण टिकणार? ई-बे टिकली नाही. तिने 2004 मध्ये मुंबईची बाझी डॉट कॉम सुमारे पाच कोटी डॉलरला घेऊन भारतात पाय रोवले होते. 2017 मध्ये आपला इथला धंदा फ्लिपकार्टच्या पदरात घातला आणि वर्षभराने ते दुकानही बंद झालं. 'कनेक्शन्स'चं ऑर्कुटपुढे काही चाललं नाही, आणि ऑर्कुट तरी कुठे उरलं. 2014 मध्ये गूगलने मिटवलं.

याउलट नोकरी डॉट कॉम बघा. संजीव बिखचंदानी यांनी 1997 मध्ये काढली. एकच काम, नोकऱ्या. पैसे नोकरी शोधणाऱ्याकडून फारसे नाहीत, माणूस शोधणाऱ्या कंपनीकडून, आणि तेही पहिल्यापासून. दिसायला अगदी साधी. तिची मालक कंपनी 2006 मध्ये इथल्याच शेअर बाजारात आली आणि अजून ताठ उभी आहे. रेडिफकडे नोकऱ्याही होत्या, लग्नंही होती, साड्याही होत्या. प्रत्येक खोलीत दिवा, पण कुठल्याच खोलीत गल्ला नाही.

"आनि ती परदेशी? याहू?" नाना. त्यांना परक्याचं वाईट झालेलं ऐकायला जास्त आवडतं, आणि हे दोष म्हणून सांगत नाही, वयाने येतं.

याहूची तर तऱ्हाच न्यारी. 2000 च्या सुरुवातीला तिची किंमत 100 अब्ज डॉलरच्या वर गेली होती. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्ट 44.6 अब्ज द्यायला तयार होती, तिने कमी म्हणून नाकारले. 2017 मध्ये व्हेरायझनने तिचा चालता धंदा घेतला साडेचार अब्जांच्या आसपास.

"दाहावा हिस्सा!" काट्यावरचा माणूस, हिशेब तोंडी. "भाव भेटस तव्हय इकानं. थांबनं नहीं."

मग रेडिफने का नाही विकलं, हा पुढचा प्रश्न आलाच. शेअर पडत गेला, तोटे साचत गेले. 2016 च्या एप्रिलमध्ये कंपनीने आपणहून नॅस्डॅकवरून नाव काढून घ्यायचं जाहीर केलं. आणि योगायोग पाहा, त्याच एप्रिलमध्ये त्याच गांधीनगरवाल्यांची, म्हणजे आपल्या गुजरातची इन्फिबीम मुंबईच्या शेअर बाजारात दाखल झाली, ई-कॉमर्सवाल्यांत असं करणारी देशातली पहिली. विशाल मेहता यांनी 2007 मध्ये सुरू केलेली. पुढच्या वर्षी तिने मुंबईची सीसीॲव्हेन्यू जवळ केली, जी दुकानदारांना ऑनलाइन पैसे घेऊन देते. त्या धंद्यात गल्ला आहे. दर व्यवहारामागे थोडंथोडं सुटतं.

"म्हणजे घेणारे एकदम पक्के," वहिनी म्हणाल्या.

पक्के खरे, पण त्यांनीही आपटी खाल्लेली आहे. 28 सप्टेंबर 2018 ला, व्हॉट्सॲपवर फिरलेल्या एका संदेशाच्या चर्चेनंतर, इन्फिबीमचा शेअर एका दिवसात सत्तर टक्क्यांच्या वर कोसळला. सकाळी शंभराचा माल संध्याकाळी तिसाच्या आत. तरी ते उठले नाहीत; उभे राहिले. आणि सहा वर्षांनी त्यांनी रेडिफचा 54 टक्के हिस्सा घेतला, पंचवीस-पन्नास कोटी रुपयांच्या घरातल्या सौद्यात.

वहिनींनी मघाचे 499 आठवून बोटांवर हिशेब केला. खेल-खोज-बावर्ची 499 कोटींना, तेही त्या काळच्या रुपयांत, आणि सगळ्या देशाला माहीत असलेली रेडिफ याच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाला. त्यांना चीड आली. "ही लूट आहे भाऊजी."

मला तसं वाटत नाही. खुळा भाव 1999 चा होता. नंतरचा भाव पडेल असला तरी वहीला धरून आहे. नव्या मालकांनी रेडिफच्या नावावर कंपन्यांना मेल विकायचा आणि 'रेडिफपे' नावाने पैसे देण्याघेण्याच्या धंद्यात उतरायचा बेत केला. नाव अजून कामाचं आहे, म्हणून तर घेतलं. मार्केटात एकदा फिरून या. कितीतरी जुन्या पेढ्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर, बिलावर, साडीच्या डब्यावरसुद्धा अजून रेडिफमेलचा पत्ता छापलेला सापडतो. शेठ बदलायला तयार नाही, कारण कोलकात्याच्या आणि पाटण्याच्या व्यापाऱ्याला तोच पाठ आहे. त्यातले काही वर्षाचे पैसे भरून मेल वापरतात. फुकट वाटायच्या जमान्यातल्या कंपनीला शेवटी जगवायला उपयोगी पडलं ते हेच, पैसे देऊन घेतलेलं साधं टपाल.

"मंग बुडनी नहीं म्हनतोस तू," नानांनी निकाल मागितला.

नाही म्हणतो. कोणाचं बुडवून ती पळाली नाही, हा माझ्या लेखी मोठा गुण आहे, आणि सुरतेत राहणाऱ्याने तो कमी लेखू नये. शेअर घेणाऱ्याचे गेले, ते बाजारात गेले. मेलवाल्याचं पत्र मात्र पोचत राहिलं. हरली म्हणाल तर हो, हरली. सगळ्यांच्या आधी आली, मोठ्या शेठांच्या जाहिरातीवर भिस्त ठेवली आणि दोनशे रुपयेवालीला ओळखू शकली नाही. नानांना हा निकाल अर्धाच पटला. उसाच्या गाडीचं वजन एकतर भरतं, नाहीतर भरत नाही, असा त्यांचा जन्माचा हिशेब.

वहिनींनी मात्र गठ्ठा बाजूला सारला आणि घरातल्या कागदांची फाइलच आणली. नवऱ्याच्या विम्यावर रेडिफमेल, बँकेत रेडिफमेल, पॅनकार्डाला रेडिफमेल, आणि पासवर्ड कोणालाच माहीत नाही. असं घर हे एकच नाही. तेव्हा तुमच्याही फाइलीत तो पत्ता असेल तर खातं एकदा उघडून बघा, कारण फुकटचं खातं बरीच वर्षं हात न लावता पडलं की कुठलीही कंपनी ते बंद करून टाकू शकते. उघडलं तर जपायच्या चार चिठ्ठ्या उतरवून घ्या. उघडत नसेल तर बँकेत नि विम्यावर चालू पत्ता आणि मोबाइल नंबर आधी नोंदवा, मग बाकीच्या गप्पा.